मापाचा कागद

मंगळवारी मी रापी पुसून ठेवते,
नखांतला रंग घासते, तो राहतोच,
आणि हर्षलला म्हणते, चल, पाय दे.
तो वहीच्या मधल्या पानावर उभा राहतो
माझं डोकं धरून.
पेन्सिल टाचेपासून निघते,
करंगळीपाशी थोडी अडते,
आतल्या खोलगटीत त्याला गुदगुल्या होतात.
गेल्या खेपेपेक्षा एक दोरा जास्त.
दोरा म्हणजे किती, ते शाळेच्या पट्टीवर नसतं,
सुभाषनगरात सगळ्यांना कळतं.

पहिलं वर्षभर मी त्याला दुबई सांगितली.
उंच इमारती आहेत तिथं,
तुझे पप्पा त्यांच्या काचा पुसतात.
काचाच का सुचल्या, कोण जाणे.
तो विचारायचा, दुबईत आत्ता किती वाजले?
मी मोबाइलात बघून सांगायची,
आपल्यापेक्षा दीड तास मागं.
खोट्याला केवढं खरं घड्याळ!

मग एकदा शर्टाची दोन बटणं हरवून आला.
मैदानावर कुणी म्हणालं असेल, म्हणायचं ते.
मी सुई ओवत बसले. ओवेना.
त्यानं दोरा हातातून घेतला, ओवून दिला, म्हणाला,
"आत्या, मला पयल्यापास्नं ठावं हाय.
तुला बरं वाटावं म्हणून वाजलेलं इचारत हुतो."

त्या रात्री मी सगळं सांगितलं.
सगळं म्हणजे, नऊ वर्षांच्या पोराला उचलेल एवढं.
भांडण, हातात आलेला हातोडा,
आणि पडलेला माणूस उठलाच नाही.
त्या घरातही एक पोरगी आहे, तुझ्याएवढी,
हेही सांगितलं.
बाकीचं माझ्यापाशी आहे. मोठा झाला की देईन.
तो बराच वेळ भिंतीकडं तोंड करून होता,
झोपला नव्हता.

म्हसवेकर बाईंना कळवलं तेव्हा
त्यांनी सहानुभूतीचं एक वाक्य काढलं नाही,
फक्त म्हणाल्या, मंगळवारचा गृहपाठ बुधवारी चालेल.
मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं,
पण त्या हजेरी घेत होत्या.

केएमटीतला कंडक्टर ओळखीचा झालेला.
आमचं तिकीट फाडताना हळू आवाजात विचारायचा,
तलाव ना?
मीही मान हलवायची.
परवा हर्षलच बोलला, गाडीभर ऐकू जाईल असं,
"कळंबा जेल. एक फुल्ल, एक हाफ."
पुढच्या बाईनं वळून पाहिलं.
कंडक्टरनं तिकिटं दिली, सुट्टे दिले,
आणि त्याला खिडकीची जागा करून दिली.

आत शिपाई कागद उलटसुलट करून बघतो.
नुसता पाय हाय व्हय, म्हणतो, दर वेळी.
हर्षल तो काचेला लावून धरतो,
पलीकडून दादा तळवा टेकवतो,
मग कारागिराची नजर येते त्याच्यात,
रिसीव्हर कानाला तसाच:
उजवा पाय बाहेर टाकतोय गं हा.
टाचेला एक थर वाढव.
वेणी सैल ठेव.
दोन वर्षांत घरातली एवढीच गोष्ट
त्याला विचारून होते.

गळाभेटीच्या दिवशी पोरांनाच आत सोडलं.
मी गेटबाहेर, इतर आयांसोबत,
कुणाच्या तरी डब्यातलं धपाटं खात.
आत काय झालं ते मी पाहिलेलं नाही.
बाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला,
पप्पांच्या पावलावर पाऊल ठेवून बघितलं,
अजून चार बोटं कमी हाय.
आणि रडला का, असं मी विचारलं नाही.

नवी चप्पल मी मुद्दाम अर्धं बोट मोठी केली होती,
टाचेला एक थर जास्त, वेणी सैल.
परतताना तो माझ्या खांद्यावर झोपला,
पाय वाटेत पसरलेला.
येणारे-जाणारे तो ओलांडून गेले.
प्रत्येक खड्ड्याला चप्पल करकरली.